गिटारचा आवाज टोचतोय? आधी पिक उलटं धरा

चवथीत आरत्या आटोपल्या की आमच्याकडे गाणी रंगतात, आणि दरवर्षी माझी गिटार कर्कश लागायची. तारा बदलायला निघालो होतो. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी चकती, तेवढं बदललं, काम झालं.

१. पिक उलटं धरा. टोकाऐवजी त्याचा गोल खांदा तारेला लागू द्या. धार कमी होते, स्वर मऊ आणि भरीव येतो. यात एक पैसा खर्च नाही, म्हणून सुरुवात इथूनच.

२. मग जाडी बघा, आकडा बहुतेक पिकवर छापलेला असतो. ०.४६ ते ०.६० मिमीचं पिक वाकतं. कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकत्र, वाजवायला सोपं, पण तारेवरची टिकटिकही ऐकू येते. एकेक स्वराची धून वाजवायची तर १ मिमी किंवा त्याहून जाड. एकच घ्यायचं असेल तर ०.७३ घ्या, दोन्हीकडे चालतं.

आपल्याकडच्या दमट हवेत बोटं घामेजतात, तेव्हा गुळगुळीतपेक्षा खरबरीत पकडीचं पिक बरं.

जपायचं एवढंच: झिजून कड खडबडीत झालेलं पिक जाड तारांवर खरखरतं. नखाने कड चाचपा. लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा.