जंगल पेटवण्याआधी फाइलमध्ये काय काय हवं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फॉरेस्ट सर्व्हिस, पार्क सर्व्हिस किंवा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यांच्या जंगलात ठरवून जाळ करायचा, तर जमीन वॉशिंग्टनची, म्हणजे केंद्राची, आणि हवा डेन्व्हरची, म्हणजे राज्याची, हे आधी डोक्यात बसवा. ‘आम्ही फेडरल, आम्हाला कोण विचारणार’ हा सूर कागदावर उमटू देऊ नका. क्लीन एअर अ‍ॅक्टच्या कलम ११८ प्रमाणे हवेच्या बाबतीत फेडरल खात्यानं राज्याचे नियम खासगी मालकासारखेच पाळायचे असतात. त्यातून राज्याचा स्वतःचा कायदा आहेच. १०,००० एकरांहून जास्त गवताळ किंवा जंगल जमीन सांभाळून जाळाचा वापर करणाऱ्या प्रत्येकानं आपलं नियोजन राज्याच्या एअर क्वालिटी कंट्रोल कमिशनपुढे ठेवायचं, त्यावर जाहीर सुनावणी होते. धुराचा परवाना वेगळा. दोन्हींची गल्लत नको.

नकाशा, एकर, झाडोरा, शेवटचा वणवा कधी लागला होता, हे सगळेच लिहितात. तुम्हीही लिहा.

आता दृश्यमानतेचं पान. मागच्या वेळी आमची फाइल या एका पानापायी परत आली, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आरोग्याचं पान वेगळं आणि दृश्यमानतेचं वेगळं. ‘पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मानकाच्या आत राहील’ एवढं लिहून हा विषय संपत नाही. मानक आहे २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम. समोरचा डोंगर पुसट व्हायला त्याच्या आसपासही जावं लागत नाही. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचे असतात, त्यामुळे ते प्रकाश जबरदस्त विखुरतात. मूळची हवा जितकी स्वच्छ, तितका थोडा धूरही जास्त दिसतो. शहराच्या हवेत ५ मायक्रोग्रॅमची भर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेवढीच भर पहाडातल्या स्वच्छ हवेत पडली तर नजरेचा पल्ला जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. पश्चिमेकडच्या उद्यानांमध्ये नैसर्गिक पल्ला साधारण १४० मैलांचा धरतात. मेसा व्हर्डेवरून न्यू मेक्सिकोतला शिपरॉक दिसतो, तो दिसत राहावा यासाठीच अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, १९७७ साली दृश्यमानतेचं कलम कायद्यात घातलं. आरोग्य वेगळं, देखावा वेगळा. दोन पानं.

त्या पानावर पहिलं म्हणजे क्लास वन क्षेत्रांची, म्हणजे जिथली दृश्यमानता कायद्यानं जपायची त्या उद्यानांची आणि वाइल्डरनेसची (राखीव रानांची), नावं. देशात ती १५६ आहेत, कोलोरॅडोत १२: रॉकी माउंटन, मेसा व्हर्डे, ब्लॅक कॅन्यन, ग्रेट सँड ड्यून्स ही चार उद्यानं आणि वेमिनुच, फ्लॅट टॉप्स, मरून बेल्स यांसारखे आठ वाइल्डरनेस. नुसतं सगळ्यात जवळचं लिहून मोकळे होऊ नका, वाऱ्याच्या वाटेवर येणारी सगळी लिहा. अंतर, दिशा आणि त्या दिवसांत तिथं माणसं असतात का, तेही लिहा.

दुसरं, जवळचं इम्प्रूव्ह केंद्र, म्हणजे दृश्यमानतेसाठी हवेतले कण मोजणारं केंद्र. इथं भलेभले घसरतात. ही केंद्रं दर तिसऱ्या दिवशी, मध्यरात्र ते मध्यरात्र, हवा फिल्टरमधून ओढतात: टेफ्लॉनवर वजन आणि मूलद्रव्यं, नायलॉनवर नायट्रेट, क्वार्ट्झवर कार्बन. धुराचा पुरावा त्या क्वार्ट्झच्या चकतीवर असतो आणि प्रयोगशाळेतून आकडा यायला महिने लागतात. तुमचा जाळ मधल्या दोन दिवसांत झाला तर केंद्राला त्याचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे ‘मागच्या जाळानंतर केंद्रावर काही वाढ दिसली नाही’ हे वाक्य लिहायच्या आधी कॅलेंडर बघा. सुनावणीत कुणीतरी ते बघितलेलं असतंच. त्यापेक्षा जाळाच्या दिवसांत ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या वेळी त्याच डोंगराचे फोटो काढायची सोय आधीच लिहून ठेवा.

पर्यायांचा भाग अंग चोरून लिहू नका. तांत्रिकदृष्ट्या जमणारे आणि खर्चाला परवडणारे सगळे उपाय वापरून धूर कमीत कमी ठेवणार, हे तुम्हाला दाखवून द्यायचं आहे. यंत्रानं विरळणी का नको, चराई का पुरत नाही, लाकूड उचलून का नेत नाही? ‘चढ फार आहे’ हे उत्तर चालतं, पण उताराचा आकडा द्या. आणि हो, ही कारणं देतानाही दृश्यमानतेचा उल्लेख पुन्हा करा, नुसता आरोग्याचा नको.

रात्रीचा धूर. दुपारी वायुवीजन, म्हणजे धूर वर चढून पांगणं, ‘उत्तम’ असतं, सगळे खूश. सूर्य मावळला की थंड हवा दरीत उतरते, विझत आलेल्या ओंडक्यांचा धूर तिच्याबरोबर खाली येतो आणि सकाळपर्यंत तिथंच तुंबून राहतो. बर्फ पडल्यावर काटक्यांचे ढीग पेटवतात, तेव्हा तर हे हमखास. कोकणात राब भाजताना धूर घरात आला तर शेजारी बांधावर येऊन सांगतो. इथं तो दरीच्या टोकाच्या गावातून थेट राज्याला फोन करतो. दुपारी किती वाजता पेटवणं थांबवणार, ती वेळ लिहा.

सुनावणीला एक प्रश्न ठरलेला असतो: वीजकेंद्रांच्या धुरांड्यांमुळे उद्यानांतला देखावा पुसट होतो म्हणून राज्याला पत्रं लिहिणारं खातं तुमचंच ना, मग स्वतःच्या धुराचं काय? बरोबरच आहे प्रश्न. वणव्यापेक्षा हा धूर कमी, हे उत्तर खरं असलं तरी अर्धंच आहे, कारण वणव्याची वेळ कुणी ठरवत नाही, तुमची तुम्ही ठरवता. २०६४ पर्यंत नैसर्गिक दृश्यमानता गाठायचं उद्दिष्ट आहे. २०१७ च्या सुधारणेत राज्यांना ठरवून केलेल्या जाळाचा हिशेब त्या उद्दिष्टाकडे जाणाऱ्या उताररेषेत (धुरकटपणा दरवर्षी किती कमी व्हायला हवा ते दाखवणाऱ्या रेषेत) धरायची मुभा मिळाली, पण मुभा राज्याला आहे, तुम्हाला नाही. सुनावणीला सोबत येणाऱ्याला दृश्यमानतेचं पान वाचून यायला सांगा. ज्यानं ते वाचलंय त्यालाच न्या, दुसऱ्याला पाठवू नका.

बाकीचं थोडक्यात. परवान्यातल्या अटी जाळाच्या प्रमुखाच्या खिशात हव्यात, ऑफिसच्या कपाटात नकोत. आदल्या दिवशी राज्याला कळवा, गावांना कळवा, रस्त्यावर पाट्या लावा. हवामान बदललं तर थांबा. नंतर प्रत्यक्ष किती एकर जळलं ते कळवा. ठरवलेला आकडा उतरवून देऊ नका. फोटो फाइलला लावा. आणि पाठवायच्या आधी पानं मोजताना दृश्यमानतेचं पान आहे ना, बघा.