मोनोलिथमधून बिलिंग वेगळं काढताना आधी टेबलं सोडवा

जावामध्ये लिहिलेलं, एकाच पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊ. ऑर्डर, स्टॉक, बिलिंग सगळं त्यातच आहे (यालाच मोनोलिथ म्हणतात) आणि बिलिंगची पहिली मायक्रोसर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारी छोटी सर्व्हिस, काढायची आहे. सगळं एकदम नव्यानं लिहायला घेऊ नका. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये मांडलेली ‘स्ट्रँगलर फिग’ पद्धत इथे उपयोगी पडते: जुनी सिस्टीम चालू ठेवायची आणि एकेक काम नव्याकडे वळवायचं.

कोड हलवणं त्यातलं सोपं काम. घोडं अडतं ते टेबलांपाशी. म्हणून एक नियम शेवटपर्यंत सोडू नका: एका टेबलात एकाच सिस्टीमनं लिहायचं.

कोण कशाला हात लावतं?

कोडमध्ये टेबलाचं नाव शोधून भागत नाही. डेटाबेसच्या आतच चालणारे ट्रिगर आणि स्टोअर्ड प्रोसिजर, ठरल्या वेळी आपोआप धावणारे रात्रीचे क्रॉन जॉब, अकाउंट्सवाल्यांची थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेल शीट, हे सगळे त्याच टेबलांवर चालतात आणि बहुतेकदा एकाच युजरनं लॉगिन करतात. प्रत्येकाला वेगळा युजर द्या, कोणत्या युजरनं कोणत्या क्वेरी चालवल्या ते नोंदवणारं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स एक्स्टेन्शन चालू करा आणि निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. महिन्यातून एकदाच धावणारा जॉब त्याशिवाय सापडत नाही.

वाटणी आधी घरातच करा

बिलिंगची टेबलं त्याच डेटाबेसमध्ये वेगळ्या स्कीमात, म्हणजे टेबलांच्या वेगळ्या कप्प्यात न्या. मॉड्यूलला स्वतःचा युजर आणि कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा संच) द्या. ऑर्डरच्या टेबलांशी असलेले जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणाऱ्या क्वेरी) आणि फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणारे नियम) काढा. ग्राहकाचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन बिल बनतानाच बिलाच्या ओळीत कॉपी करा. ग्राहकानं पत्ता बदलला म्हणून मागच्या वर्षीचं बिल बदलणं तसंही चूकच. मग बाकीच्या युजरांचे या स्कीमावरचे हक्क आधी टेस्ट सर्व्हरवर रिव्होक करा, म्हणजे काढून घ्या. जे मोडेल ते अजून गुंतलेलं आहे. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जाऊ द्यावा.

एखादं पान लूपमध्ये २०० वेळा बिलिंगची मेथड बोलावत असेल तर तेही आत्ताच पकडा. आज ते जाणवत नाही. नेटवर्कवर कॉलमागे ५ मिलिसेकंद धरले तरी पान पूर्ण सेकंदभर अडकतं. सगळे आयडी एकदम घेणारा एकच कॉल बनवा.

ऑर्डर आणि बिल आजवर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत होतं, म्हणजे दोन्ही तरी होणार किंवा एकही नाही. पूल वेगळा झाला की ती हमी संपली. ऑर्डर सेव्ह करून मग काफ्कावर (सिस्टीमांमध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) मेसेज टाकणं हा उपाय नव्हे: दोन्हींच्या मधे प्रोसेस पडली तर ऑर्डर राहते आणि बिल कधीच बनत नाही. ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘आउटबॉक्स’ टेबलात एक ओळ लिहा. तिथून ती डेबेझियम, म्हणजे डेटाबेसमधले बदल टिपणारं टूल, काफ्कावर नेईल. मेसेज दोनदा येणार हे धरून चाला आणि बिलाच्या टेबलात ऑर्डर आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट ठेवा, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा शिरणार नाही. एका ऑर्डरची अनेक बिलं होत असतील तर तो डिस्पॅच आयडीवर लावा.

डेबेझियमसाठी डब्ल्यूएएलची (पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक बदल आधी ज्यात लिहितो तो लॉग) लेव्हल ‘लॉजिकल’ करावी लागते आणि त्याला सर्व्हर रीस्टार्ट लागतो. पुढे दोन गोष्टी प्रॉडक्शन पाडतात. डेबेझियम बंद पडला की त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (तो कुठपर्यंत वाचून झाला याची सर्व्हरवरची खूण) जुनं डब्ल्यूएएल धरून बसतो आणि डिस्क भरते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या आवृत्ती १३ पासून त्यावर कमाल मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते. दुसरं, प्रायमरी की नसलेलं टेबल पब्लिकेशनमध्ये (बदल बाहेर पाठवायच्या टेबलांची यादी) घेतलं आणि रेप्लिका आयडेंटिटी (बदललेली ओळ कशावरून ओळखायची ते) ठरवली नाही, तर त्या टेबलावरचे अपडेट चक्क एरर देतात.

प्रॉक्सी आणि वाचन

सगळ्यांपुढे एन्जिनएक्स, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन पुढे पाठवणारा प्रॉक्सी, बसवा आणि आठवडाभर सर्व ट्रॅफिक जुन्याकडेच जाऊ द्या. त्याची वाचनाची डिफॉल्ट मर्यादा ६० सेकंद आणि अपलोडची १ एमबी आहे. लांबलचक रिपोर्टवर ५०४ (वेळ संपली) आणि मोठ्या फाइलवर ४१३ (फाइल फार मोठी) हा एरर येतो तो यामुळे. नंतर फक्त वाचण्याच्या रिक्वेस्ट ‘मिरर’ डायरेक्टिव्हनं नव्या सर्व्हिसकडेही पाठवा. मिररचं उत्तर एन्जिनएक्स टाकून देतो, म्हणून दोन्ही बाजूंनी रिक्वेस्ट आयडीसकट उत्तर लॉग करा आणि ताडून पाहा. फरक संपले की नव्या सर्व्हिसनं उत्तर द्यायच्या वाचनाचा वाटा १, ५, २५, १०० टक्के असा वाढवत न्या. वाटप ग्राहक आयडीवर करा, नाहीतर एकाच माणसाला दर क्लिकला वेगळी सिस्टीम दिसेल.

लिहिणं शाखेनिहाय हलवा

लिहिताना टक्केवारी चालत नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. मालिका मात्र एकापेक्षा जास्त चालतात. नव्या सर्व्हिसला वेगळी मालिका द्या आणि एकेक शाखा तिच्याकडे न्या. क्रमांकासाठी पोस्टग्रेएसक्यूएलचा सीक्वेन्स (पुढचा आकडा आपोआप देणारी सोय) नको. ट्रान्झॅक्शन रोलबॅक, म्हणजे रद्द झालं तरी घेतलेला आकडा परत येत नाही आणि मालिकेत खंड पडतो. मालिकेमागे एक ओळ असलेलं काउंटर टेबल ठेवा, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक करून आकडा वाढवा.

सगळ्या शाखा आल्या की जुना कोड काढून टाका. जुनं टेबल लगेच ड्रॉप करू नका. नुसतं नाव बदला. तरीही ते वाचणारा कुणी उरला असेल तर त्याचा जॉब एररनं थांबेल, आणि नाव परत करायला एक कमांड पुरते. असं ते टेबल एक ३१ मार्च आणि त्यानंतरचं ऑडिट होईपर्यंत राहू द्या.