दगडी भिंतीपलीकडे वायफाय पोचत नव्हतं: माझा अनुभव

आमचं घर शिवाजी पेठेतलं, जुनं. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत. राउटर सोप्यात, टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला टेकून. मागच्या खोलीत मोबाइलवर जेमतेम एक काडी, लेकीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकायचा.

रीस्टार्ट केलं, चॅनल बदलला, मागच्या खोलीत रिपीटर लावला. रिपीटरलाच सिग्नल नीट मिळत नव्हता, तो पुढे काय देणार? दोन महिने नुसता वैताग.

शेवटी अॅपवर सिग्नल मोजत घरभर फिरलो. सोप्यात उणे ४२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), भिंत ओलांडली की उणे ८१. म्हणजे भिंतीपलीकडे वायरनंच जायला हवं.

पलीकडे वायफाय द्यायला घरात पडून असलेला जुना राउटर घेतला आणि आधी लॅपटॉपला जोडला. त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.१.२ केला (मुख्य राउटरचा १९२.१६८.१.१ आहे), मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपना आपोआप आयपी वाटण्याची सोय, बंद केलं; ते काम मुख्य राउटरच करतो. कॅट ६ केबल (नेटवर्कची वायर) दाराच्या चौकटीवरून माजघरात नेली, विजेच्या वायरपासून वीतभर लांब. केबल दोन्ही राउटरच्या लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायचं भोक) लावली. जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट आत येतं ते भोक) लावली तर हे जमत नाही.

या जुन्या राउटरची जागा निवडायला सगळ्यात जास्त वेळ दिला. माजघराच्या मधोमध, ७ फूट उंचीवर, अँटेना उभ्या. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळली, फ्रिज आणि आरसाही. कपाटात कोंडला नाही, कारण तो तापतो. माणसांपासून किमान २० सेंटिमीटर अंतर ठेवा असं बहुतेक मॅन्युअलमध्ये असतं, इथं ते आपोआप राहिलं.

आता मागच्या खोलीत उणे ५५.