ब्रिटनमधील घरात साठलेल्या वस्तू ईबेवर लिलावाने कशा विकाव्यात

ब्रिटनमध्ये घर बदलताना किंवा कायमचे भारतात परतताना मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: माळ्यावर आणि गॅरेजमध्ये साठलेल्या, चांगल्या अवस्थेतल्या पण आता नको असलेल्या वस्तूंचे काय करायचे? त्यांतल्या बऱ्याचशा धर्मादाय दुकानात देणे योग्यच आहे. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांची आजची किंमत घरातल्या कोणालाच ठाऊक नसते, आणि अशा वस्तूंसाठी ईबे या ऑनलाइन बाजारावरील लिलाव हा चांगला मार्ग आहे. भारतात अशा ऑनलाइन लिलावाची सवय आता मोडली आहे. २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही लिलावाची वेबसाइट २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली. त्यामुळे जुनी वस्तू विकायची म्हणजे ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात देऊन घासाघीस करायची, हेच आपल्या अंगवळणी पडले आहे. लिलावात घासाघीस नसते. किंमत बोली लावणारे ठरवतात आणि विक्रेत्याने वस्तूविषयी पूर्ण व खरी माहिती द्यायची असते. ही माहिती जितकी नेमकी, तितकी बोली निर्धास्तपणे लागते.

बोलीची रीत आधी समजून घ्यावी. ईबेवर खरेदीदार आपली कमाल मर्यादा नोंदवतो आणि त्याच्या वतीने यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा, एका कॅमेऱ्यासाठी एकाने ६० पौंडांची मर्यादा नोंदवली आणि दुसऱ्याने ४१ पौंडांची, तर कॅमेरा ६० पौंडांना जात नाही. तो ४२ पौंडांना जातो. म्हणजे किंमत ठरते ती दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकामुळे. ज्या वस्तूसाठी एकच ग्राहक येण्याची शक्यता आहे, ती लिलावात ठेवू नये, कारण ९९ पेन्सपासून सुरू केलेली बोली ९९ पेन्सलाच संपू शकते आणि ती वस्तू त्या किमतीला देणे विक्रेत्यावर बंधनकारक असते.

त्यामुळे वस्तूंची निवड महत्त्वाची. फिल्मचे जुने कॅमेरे आणि लेन्स, पूर्ण तुकडे असलेले लेगोचे संच, फाउंटन पेन, ग्रामोफोनच्या तबकड्या, जुने व्हिडिओ गेम यांचे शोधक ग्राहक असतात. डेन्बी किंवा वेजवूड या ब्रिटिश कंपन्यांच्या, आता बनत नसलेल्या नक्षीच्या ताटल्याही चांगल्या जातात, कारण घरातला संच फुटला की लोक त्याच नक्षीची ताटली शोधत राहतात. ताटली उलटी करून खालचा शिक्का आणि नक्षीचे नाव वाचावे. याउलट साधे कपडे, टोस्टर, सुटे घडीचे फर्निचर यांना ठरावीक किंमत लावणे किंवा ती सरळ देऊन टाकणे बरे.

वस्तू निवडली की तिचा भाव पाहावा. ईबेच्या शोधात फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा पर्याय (फिल्टर) असतो आणि त्यात साधारण गेल्या ९० दिवसांतील विक्री दिसते. लोक जी किंमत मागत आहेत तिच्याकडे लक्ष देऊ नये. जी प्रत्यक्षात मिळाली तीच खरी. एकाच वस्तूचे भाव जिथे खूप वेगवेगळे दिसतील, तिथे फरक बहुधा अवस्थेचा असतो आणि तो फरक समजून घेण्यातच अर्धे काम होते.

वर्णनासाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ. ऑलिंपस ट्रिप ३५ हा १९६७ पासून १९८०च्या दशकापर्यंत बनलेला छोटा कॅमेरा ब्रिटनमध्ये अनेक घरांत सापडतो. त्याला बॅटरी लागत नाही. लेन्सभोवतीचा सेलेनियमचा पट्टा प्रकाश मोजतो. हा पट्टा चालतो की नाही, हे फिल्म न घालताही तपासता येते: लेन्सवरील छिद्राच्या मापाचे कडे फिरवून ‘ए’वर ठेवावे, फिल्म पुढे सरकवण्याचे चाक फिरवावे, लेन्स हाताने झाकावी आणि बटण दाबावे. पट्टा जिवंत असेल तर पाहण्याच्या खिडकीत लाल पाते वर येते आणि शटर उघडत नाही; उजेडाकडे धरल्यावर मात्र ते उघडते. ही चाचणी करून तिचा निकाल जसाच्या तसा लिहावा. लेन्समधून दिव्याकडे पाहून बुरशीचे धागे दिसतात का तेही सांगावे, मागच्या दाराजवळचा फोम चिकट झाला असेल तर तोही उल्लेख करावा. ‘माझ्या समजुतीप्रमाणे चालतो’ असे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा ‘लाल पाते येते, शटर उघडते, फिल्म घालून पाहिलेली नाही’ हे वाक्य ग्राहकाला अधिक विश्वासाचे वाटते. ज्याला कॅमेऱ्यातले काही कळत नाही त्यालाही हे लिहिता येते, आणि दोष सांगितल्याने बोली पडते ही भीती मला निराधार वाटते: न सांगितलेला दोष निघाला तर वस्तू परत येते, पैसेही परत द्यावे लागतात.

शीर्षकात ८० अक्षरे मिळतात. त्यात कंपनी, मॉडेल, रंग आणि अवस्था हे शब्द यावेत, ‘सुंदर’ किंवा ‘दुर्मीळ’ नको, कारण हे शब्द कोणी शोधत नाही. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, साध्या चादरीवर काढावीत आणि ओरखडा, डाग व शिक्का यांचे जवळून घेतलेले फोटो अवश्य असावेत.

मुदत सात किंवा दहा दिवसांची ठेवावी आणि लिलाव रविवारी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान संपेल अशी वेळ निवडावी, कारण तेव्हा लोक घरी असतात आणि शेवटच्या काही मिनिटांत बोली वाढते. गुरुवारी संध्याकाळी सुरू केलेला दहा दिवसांचा लिलाव दोन शनिवार-रविवार गाठतो. सुरुवातीची बोली किती ठेवायची, याचे माझे मत स्पष्ट आहे: ज्याखाली वस्तू गेल्यास मनाला लागेल, तेवढी. मागणी नक्की दिसत असेल तरच ९९ पेन्सपासून सुरुवात करावी. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधील खासगी विक्रेत्याला वाहने वगळता विक्रीवर शुल्क द्यावे लागत नाही. ग्राहकाला दिसणाऱ्या किमतीत मात्र एक लहान शुल्क समाविष्ट असते, म्हणून तिथे दिसणारा आकडा आणि आपल्या हाती येणारी रक्कम यांत थोडा फरक पडतो.

पार्सलचा विचार लिलाव संपल्यावर न करता आधीच करावा. वस्तू खोक्यात घालून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवावी आणि फूटपट्टीने मोजावी. रॉयल मेल या ब्रिटनच्या टपाल सेवेच्या लहान पार्सलची मर्यादा ४५, ३५ आणि १६ सेंटिमीटर आहे, आणि खोके एक सेंटिमीटरने वाढले तरी दर बदलतो. ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीला वेगळे गुंडाळावे. ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच, माग काढता येईल अशा सेवेने पाठवावे आणि पोस्टातील पावती जपून ठेवावी. वस्तू पोहोचल्याची नोंद झाल्यावरच बहुधा पैसे मोकळे होतात, त्यामुळे बँकेत लगेच रक्कम दिसली नाही तर घाबरू नये.

फसवणुकीची खूण एकच लक्षात ठेवली तरी पुरते. जो कोणी व्यवहार ईबेच्या बाहेर करू या, व्हॉट्सॲपवर बोलू या किंवा जास्त पैसे पाठवतो, उरलेले परत करा, असे म्हणेल त्याला उत्तर देऊ नये. फोन किंवा लॅपटॉप विकत असाल तर आधी त्यावरील आपल्या खात्यांतून बाहेर पडावे आणि सर्व माहिती पुसावी. आजीकडून आलेली हस्तिदंती डबी किंवा कंगवा मात्र विक्रीला ठेवू नये. ईबेवर ती चालत नाही आणि २०१८ च्या ब्रिटिश कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर, मोजके अपवाद सोडून, बंदी आहे.

स्वतः वापरलेल्या घरगुती वस्तू विकून आलेल्या पैशावर सामान्यतः प्राप्तिकर लागत नाही. परंतु विकण्यासाठी म्हणून वस्तू विकत आणू लागलात, तर तो व्यापार ठरतो, आणि त्या व्यापाराचे वर्षाचे एकूण उत्पन्न १,००० पौंडांवर गेले की ते कर खात्याला कळवावे लागते. वर्षात ३० किंवा त्याहून अधिक वस्तू विकल्या गेल्या तर ईबे ती माहिती कर खात्याला देते. घरातील वस्तूच विकत असाल तर त्यामुळे कर लागत नाही, तरीही कोणती वस्तू केव्हा घेतली होती याची एक साधी यादी ठेवावी. नवीन खात्यावर पहिल्याच दिवशी महागडी लेन्स ठेवू नये. आधी दोन-तीन लहान वस्तू विकून ग्राहकांचे चांगले अभिप्राय मिळवावेत, आणि मग मोठ्या वस्तूला हात घालावा. कोणती वस्तू विकली गेली नाही तर तीच ठरावीक किमतीला पुन्हा ठेवावी, आणि महिन्याभरात गेली नाही तर जवळच्या धर्मादाय दुकानात पोहोचवावी.