जुन्या शिडाच्या बोटीवरील अनोळखी विद्युत जोडण्या कशा ओळखाव्यात

१९६० ते १९८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये बांधलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी आजही मोठ्या संख्येने पाण्यात आहेत. १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून अधिक बांधली गेलेली वेस्टर्ली सेंटॉर ही त्यांपैकी सर्वपरिचित. अशा बोटीला आजवर अनेक मालक लाभलेले असतात आणि प्रत्येकाने आपापल्या गरजेनुसार एखादा दिवा, रेडिओ किंवा पंप जोडलेला, काढलेला किंवा अर्धवट सोडून दिलेला असतो. त्यामुळे कारखान्याचा मूळ आराखडा हाती लागला, तरी तो प्रत्यक्ष बोटीशी क्वचितच जुळतो. नकाशाच्या टेबलामागची फळी उघडल्यावर दिसणारा वायरींचा गुंता पाहून बरेच जण सगळे उपटून नव्याने वायरिंग करण्याचा निर्णय घेतात. माझ्या मते तो बहुधा घाईचा असतो. ज्या वायरीची दोन्ही टोके आपल्याला ठाऊक नाहीत ती कापायची नाही, एवढा एक नियम कसोशीने पाळला, तर जवळपास प्रत्येक अनोळखी वस्तूचा उलगडा होतो.

कामाला हात लावण्यापूर्वी धक्क्यावरून येणारी विजेची केबल बोटीपासून पूर्णपणे सोडवून ठेवावी, कारण नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. बोटीवर इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करून बॅटरीपासून वेगळा करावा. ही सक्ती वायरींच्या रंगांमुळे आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली नवे रंग येईपर्यंत इमारतींच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल असे, अमेरिकी पद्धतीत घरगुती विजेची काळी वायर हीच फेज असते, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरील यंत्रणेत मात्र तोच काळा रंग ऋण टोकासाठी वापरला जातो. म्हणजे फळीमागे दिसणारी लाल-काळी जोडी निरुपद्रवी असेल किंवा जीवघेणीही असेल. म्हणून प्रथम मल्टिमीटर (व्होल्टेज आणि वायरीची सलगता तपासणारे मीटर) एसीवर ठेवून तपासावे, आणि धक्क्यावरून येणाऱ्या घरगुती दाबाच्या विजेचा भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावा. बॅटरीकडे वळताना अंगठी, कडे आणि धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे, कारण पाना चुकून दोन टोकांना एकदम लागला, तर क्षणात शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) वायर पुष्कळदा मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीला जोडलेली असते. मुख्य स्विच बंद असला, तरी ती जिवंत असते.

पहिले मोजमाप व्होल्टेजचे. बहुतेक बोटी १२ व्होल्टच्या असतात, पण २४ व्होल्टच्याही आढळतात. त्यानंतर इंजिनाचा सांगाडा बॅटरीच्या कोणत्या टोकाला जोडलेला आहे हे पाहावे. मीटरची काळी काडी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर आणि लाल काडी बॅटरीच्या धन टोकावर ठेवल्यास १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ऋण टोक इंजिनाला जोडलेले आहे, आणि ही आजची रूढ पद्धत आहे. धन टोकावर शून्य आणि ऋण टोकावर उणे १२ आले, तर धन टोक इंजिनाला जोडलेले आहे. जुन्या ब्रिटिश इंजिनांवर ही रचना असू शकते आणि तिथे नवा रेडिओ नेहमीप्रमाणे जोडल्यास तो जळण्याचा धोका असतो. दोन्ही ठिकाणी स्थिर आकडा आला नाही, तर दोन्ही टोके इंजिनापासून अलग ठेवलेली असण्याची शक्यता आहे, आणि तो दोष समजून दुरुस्त करायला जाऊ नये.

बॅटरीजवळच्या मोठ्या गोल स्विचवर बहुधा ‘१’, ‘२’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’ अशा चार खुणा असतात. इंजिन चालू असताना हा स्विच ‘बंद’वर नेल्यास अल्टरनेटरमधील (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्रातील) डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जळू शकतात, हे टाळण्यासाठी काही स्विचांच्या पाठीमागे अल्टरनेटरला वीज निर्माण करायला लावणारा फील्ड प्रवाह आधी तोडणाऱ्या दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात, आणि जाड केबलींशेजारी त्या बिनकामाच्या वाटल्या, तरी काढू नयेत.

याच परिसरात उभ्या पंखांचा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा सापडतो, ज्याच्यावर एक मधला आणि दोन बाजूचे असे वायरी जोडण्याचे जाड खिळे असतात. नव्या मालकाला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी वस्तू बहुधा हीच. हा स्प्लिट चार्ज डायोड आहे: अल्टरनेटरचा प्रवाह मधल्या खिळ्यावर येतो आणि दोन बॅटऱ्यांकडे विभागून जातो, पण एक बॅटरी दुसरीतून रिकामी होत नाही. त्याचा तोटा असा की, त्यातून जाताना साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट कमी होतात, अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असला, तरी बॅटरीपर्यंत सुमारे १३.५ पोचतात आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. इंजिन चालू ठेवून मधल्या आणि बाजूच्या खिळ्यांवरील व्होल्टेज मोजल्यास हा फरक लगेच दिसतो. बॅटरी वारंवार अर्धवट राहत असेल, तर नवी बॅटरी विकत घेण्याआधी हे मोजमाप करावे. ऋण केबलीवर, दोन बारीक स्क्रू असलेली पितळी पट्टी दिसल्यास तो अँपिअर मोजण्याचा शंट असतो. त्याला वगळून थेट बॅटरीला काही जोडले, तर त्याचा प्रवाह मीटरवर दिसत नाही.

फ्यूजच्या बाबतीत एक बारकावा आगीपासून वाचवणारा आहे. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर छापलेला आकडा पुष्कळदा तो कितीवर वितळतो हे सांगतो, सतत किती प्रवाह वाहू शकतो हे नव्हे. ३५ अँपिअरचा तसा फ्यूज सतत प्रवाहासाठी सुमारे १७.५ अँपिअरचाच धरला जातो. त्या जागी आजचा ३५ अँपिअरचा चपटा फ्यूज बसवला, तर फ्यूज शाबूत राहून वायर तापेल. म्हणून नवा फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरवावा.

डोलकाठीवरील दिव्यांची नावे पॅनेलवर दिसतात, पण त्यांमागचा नियम ठाऊक असल्याशिवाय जोडणी उमगत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार २० मीटरपेक्षा लहान बोट केवळ शिडावर चालत असताना डोलकाठीच्या टोकाशी लाल, हिरवा आणि पांढरा असा एकत्रित दिवा लावू शकते. इंजिन सुरू झाले की तो बंद करून खालचे बाजूचे दिवे, मागचा दिवा आणि डोलकाठीवरचा, पुढच्या २२५ अंशांत दिसणारा पांढरा दिवा लावावा लागतो. म्हणूनच ‘स्टीमिंग’ (इंजिनावर चालताना) लिहिलेला एकच स्विच दाबल्यावर अनेक दिवे एकदम लागत असतील, तर ती कुणाची चूक नव्हे, जाणीवपूर्वक केलेली सोय आहे.

या वायरी डेकवर डोलकाठीच्या पायाशी एका प्लगमधून जातात, आणि बहुतेक दोष तिथेच असतात. मीटरवर १२.५ व्होल्ट दिसतात, तरीही दिवा लागत नाही, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही आणि हिरव्या गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज मिळते. अशा वेळी गाडीचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्ट लॅम्प करावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो आणि जोड खराब असेल, तर मिणमिणतो किंवा लागतच नाही.

पाण्याखालच्या आणि दोरखंडांवरच्या वस्तूंना विशेष जपावे. बोटीच्या मागच्या तारदोरावर दोन इन्सुलेटर असतील, तर त्यांच्यामधला तुकडा लांब पल्ल्याच्या रेडिओची अँटेना म्हणून वापरलेला असतो. तळाला बाहेरून बसवलेली सच्छिद्र कांस्यपट्टी बहुधा त्याच रेडिओच्या अर्थिंगची असते आणि तिला रंग लावायचा नसतो. तळाच्या धातूच्या वस्तूंना जोडणारी हिरवी वायर त्यांना झिंकच्या पट्टीशी बांधून ठेवते, ज्यामुळे झिंक झिजते आणि बाकीचा धातू वाचतो. तळातून जाणारा कोणताही ट्रान्सड्यूसर (पाण्याची खोली किंवा बोटीचा वेग मोजणारा संवेदक) बोट पाण्यात असताना सैल करू नये.

उरलेल्या वायरींचा माग एकेक करून काढावा. दोन्ही टोके सोडवून, दिव्यांचे बल्ब काढून मगच मीटरने सलगता (दोन्ही टोके एकाच वायरीची आहेत का हे) तपासावी, कारण बल्बच्या तारेतूनही मीटर बीप देतो आणि दोन वेगळ्या वायरी एकच असल्याचा भास होतो. दूरच्या टोकापर्यंत पोचण्यासाठी मीटरच्या काडीला लांब जास्तीची वायर जोडावी. ओळख पटताच दोन्ही टोकांना तोच क्रमांक लावावा आणि वहीत रंग, जाडी, मार्ग व फ्यूज लिहून ठेवावा. सोडवण्याआधीचा फोटो तर घ्यावाच. एवढे करूनही जी वायर ओळखू येत नाही, तिचा फ्यूज काढून टोके वेगवेगळी टेपने झाकावीत, ‘अज्ञात’ असे लिहून तारीख घालावी आणि नौकानयनाचा एक पूर्ण हंगाम ती तशीच ठेवावी; त्या काळात बोटीवरील काहीच बंद पडले नाही, तरच ती काढण्याचा विचार करावा.