ओठ उचला आणि वरची दाढ बघा

“कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच हो काकू!” कर्वेनगरात आमच्या सोसायटीत हे कुणी म्हणालं की मी त्या कुत्र्याशेजारी खाली बसते आणि हळूच त्याचा ओठ उचलते. निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाला सडका वास येत नाही. येत असेल, तर बहुतेक वेळा हिरडी बिघडलेली असते, आणि ते जनावर दुखणं सोसत मुकाट जेवत असतं. जेवतंय म्हणजे दुखत नाही, असं धरून चालू नका.

पुढचे दात आणि सुळे सहज दिसतात आणि बऱ्याचदा पांढरेच असतात, त्यामुळे आपली फसगत होते. ओठ डोळ्याच्या खालपर्यंत मागे सरकवा. तिथे वरच्या जबड्यात एक मोठी दाढ आहे. लाळेच्या नळीचं तोंड तिच्याजवळच उघडतं, म्हणून किटण चढतं ते आधी तिथे. शेजारच्या पॉमेरियनची ही दाढ मी पाहिली, तेव्हा तिच्यावर गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी थर होता आणि हिरडीच्या कडेने लालभडक रेघ. थराइतकीच ती रेघ महत्त्वाची. ती दिसली की हिरडीला सूज आहे असं समजा.

दातांवरचा मऊ, चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. एकदा त्याचं किटण झालं की घरच्या ब्रशने ते निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा खसाखसा घासण्याला अर्थ नाही. रोज अर्धा-एक मिनिट पुरे, पण रोज.

आमच्या शेरूचे दात मी संध्याकाळी फिरायला नेण्याआधी घासते. घासलं की पट्टा निघतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. समोर बसू नका, बाजूला बसा. जबडा उघडायचा नाही, फक्त ओठ उचलायचा. पहिले काही दिवस नुसतं बोट फिरवा, चिकनच्या पाण्यात बुडवून. त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. मग बोटाला गॉज गुंडाळून, आणि तेही सवयीचं झालं की लहान मुलांचा मऊ ब्रश. ब्रश हिरडीकडे तिरका धरून हलकेच गोल फिरवायचा. दातांची बाहेरची बाजू घासली तरी मोठं काम झालं. आतली बाजू जीभ थोडीफार साफ ठेवते. हिरडी सुजून दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग ब्रश.

पेस्ट प्राण्यांचीच घ्या. त्यांना चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. आपल्या काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विषारी आहे.

मांजराचं तंत्र वेगळं. आमची चिंगी दोन्ही हातांनी धरलं की निसटते, म्हणून ती मांडीवर पेंगत असतानाच इअरबडला पेस्ट लावून एका बाजूच्या दाढा पुसते. दुसरी बाजू नंतर. मांजरांत आणखी एक दुखणं फार आढळतं: हिरडीच्या कडेशी दातच झिजत, विरघळत जातो आणि तिथे गुलाबी ठिपका दिसतो. हे भयंकर दुखतं. खाताना दाणे तोंडातून पडणं, मान वाकडी करून चावणं, लाळ गळणं, अंग चाटणं सोडून दिल्याने केसांच्या गाठी होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

आणि घरगुती उपाय नकोत, हे हात जोडून सांगते. दाढ दुखली की आपण लवंगेचं तेल लावतो. मांजराला ते बाधतं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. मटणवाल्याकडून हाडं आणून “दात आपोआप साफ होतात” म्हणणारे पुष्कळ भेटतात. कडक हाडाने तीच वरची दाढ उभी चिरते, आणि शिजवलेल्या हाडाच्या कपच्या घशात, आतड्यात रुततात. चघळायची वस्तू आपल्या नखाने थोडी दबली पाहिजे, एवढं बघून घ्या.

चढलेलं किटण डॉक्टरांनी भूल देऊनच काढायचं. भुलीला लोक घाबरतात, म्हातारं कुत्रं असलं की जास्तच. ती भीती मला कळते. पण आधी रक्त तपासतात, त्यावरून भूल ठरवतात. भूल न देता वरवर खरवडलं तर दात चकचकीत दिसतात, हिरडीखालची घाण तशीच राहते, आणि खरा रोग तिथेच असतो. डोळ्याखाली सूज आली, तर दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

घरात पिल्लू असेल तर सहा-सात महिन्यांचं झाल्यावर सुळे नीट बघा. पॉमेरियन, शिह त्झूसारख्या लहान जातींत कधीकधी दुधाचा सुळा पडत नाही आणि नवा त्याला खेटून उगवतो. मधल्या फटीत अन्न अडकतं. नसबंदीची तारीख घेतली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बऱ्याचदा त्याच भुलीत तो सुळाही काढून होतो.