'टेक' म्हणजे 'घेणे' एवढंच धरून चालणाऱ्यांच्या चुका

काळजी घेणे, सुट्टी घेणे, शपथ घेणे, गोळी घेणे: या सगळ्यांना इंग्रजीत बिनधास्त 'टेक' लावा, बिघडत नाही. त्यामुळेच पुढे गाडी घसरते, कारण मग जिथे जिथे मराठीत 'घेणे' दिसेल तिथे हात आपोआप 'टेक'कडे जातो.

सगळ्यात मोठा गोंधळ परीक्षेचा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत नेमकं उलट: विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, शिक्षक 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह द एग्झॅम' हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी विद्यापीठाला पाठवलेल्या ईमेलमध्ये त्याचा अर्थ 'परीक्षा मी घेतली' असा लागू शकतो. 'आय टुक द एग्झॅम' लिहा. ब्रिटिश वळण हवं असेल तर 'आय सॅट द एग्झॅम'. यात पास होण्याचा अर्थ मात्र नाही, तो वेगळा सांगावा लागतो. 'शी टेक्स अ क्लास ऑन मंडेज' हे वाक्य तर आणखी फसवं. अमेरिकेत ती बहुधा विद्यार्थिनी ठरेल, भारतात किंवा ब्रिटनमध्ये शिक्षिकाही. शंका नको असेल तर सरळ 'टीचेस' किंवा 'अटेंड्स' वापरा.

'ही टुक बर्थ इन सातारा' हे वाक्य चरित्रलेखनात वारंवार दिसतं. जन्म घेणे, शिक्षण घेणे, भेट घेणे यांत खरी क्रिया नामातच आहे, 'घेणे' फक्त ती ओढून नेतं. अशा वेळी इंग्रजीत त्या क्रियेचंच क्रियापद शोधा: 'वॉज बॉर्न', 'स्टडीड', 'मेट'. साहेबांची सही घ्यायची असेल तर 'गेट', माहिती घ्यायची तर 'फाइंड आउट', ९० मार्क घेतले तर 'स्कोअर्ड' किंवा 'गॉट'. आणि आजारी सहकाऱ्याला 'टेक रेस्ट' लिहिण्यापेक्षा 'गेट सम रेस्ट' जास्त सहज वाटतं.

याच्या उलट, मराठीत 'घेणे' नसतानाही 'टेक' लागतो अशा जागा आहेत. फोटो आपण काढतो, म्हणून काही जण 'रिमूव्ह माय फोटो' म्हणतात. समोरचा तुमचा फोटो वेबसाइटवरून उतरवेल. इथे 'टेक' हवा. वेळ लागतो तिथेही 'टेक', पण वाक्याचा कर्ता बदलतो. 'आय टेक टू आवर्स' चुकीचं नाही, तरी रोजच्या प्रवासाबद्दल 'इट टेक्स मी टू आवर्स टू गेट टू वर्क' हीच रूढ रचना. 'रीच' वापरायचा असेल तर त्यापुढे 'टू' नको: 'रीच द ऑफिस'.

'ब्रिंग' की 'टेक' हा प्रश्न मात्र मराठी माणसाला पडायलाच नको. 'घेऊन ये' असेल तर 'ब्रिंग', 'घेऊन जा' असेल तर 'टेक'. 'येताना आधार कार्ड घेऊन या' याचं 'टेक युवर आधार कार्ड' होतं तेव्हा शेवटच्या 'या'कडे दुर्लक्ष झालेलं असतं.

कार्यक्रमाच्या वृत्तांतात 'द फंक्शन वॉज टेकन प्लेस' हमखास सापडतं. 'टेक प्लेस' म्हणजे पार पडणे. त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'द फंक्शन टुक प्लेस' पुरे. अपघातासाठी सहसा 'हॅपन' वापरतात, 'टेक प्लेस' ठरवून केलेल्या गोष्टीला शोभतं.

जोडक्रियापदांत शब्दांची जागा सांभाळा. 'टेक ऑफ युवर शूज' आणि 'टेक युवर शूज ऑफ' दोन्ही बरोबर. पण शूजऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' कधीच नाही. 'टेक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'शी टेक्स आफ्टर हर मदर', म्हणजे ती आईवर गेली आहे. हे रूपा-स्वभावाच्या साम्याबद्दल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुरतंच. गुरूंचं अनुकरण करणाऱ्याला ते लावू नका. आईची काळजी घेणे म्हणजे 'लुक आफ्टर' किंवा 'टेक केअर ऑफ'. 'ऑफ' विसरलात तर वाक्य लंगडं पडतं.

वाक्प्रचारांत एक सापळा आहे. मित्राने बाइकवरून घरी सोडलं, म्हणून 'ही टुक मी फॉर अ राइड' म्हणाल तर त्याने गंडवलं असाही अर्थ निघतो. 'ही गेव्ह मी अ राइड' किंवा 'अ लिफ्ट' म्हणा. एखादी बातमी 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्या, म्हणजे तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. आपल्या तिखटमीठ लावण्याशी त्याचा संबंध नाही. 'डोन्ट टेक इट अदरवाइज' हे भारताबाहेर खटकतं, तिथे 'डोन्ट टेक इट द राँग वे' चालतं. चहाचं पाहा: 'विल यू टेक टी?' आता जुनाट वाटतं, 'हॅव' बरा. पण 'डू यू टेक शुगर?' अगदी बरोबर, कारण तिथे सवय विचारलेली असते.

मुख्य रूपं तीन: टेक, टुक, टेकन. 'डिड' आलं की 'टेक', 'हॅव' आलं की 'टेकन'. 'डिड यू टुक' आणि 'आय हॅव टुक' दोन्ही बाद. 'टुक'चा उच्चार 'बुक'सारखा ऱ्हस्व, 'टूक' नाही.